मीठ धुतल्याबद्दल अकरा रुपये

सिनेमा का काढला असं मुलाखतीत विचारतात, तेव्हा मी सांगतो की मिठागरं संपत चालली आहेत, त्यांची नोंद राहायला हवी. समोरचा गंभीरपणे मान हलवतो. मीही हलवतो. खरं कारण एवढंच की मला माझ्या बापाकडून अकरा रुपये हवे होते.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. दर वर्षी देवीच्या जत्रेला गावातलीच माणसं नाटक बसवतात, आणि ते आवडलं तर आमच्याकडे टाळ्या वाजवून भागत नाही. टाळ्या फुकटच्या. आवडलं की जत्रा मंडळाच्या माणसाला हात करायचा, त्याच्या हातात नोट द्यायची, बहुधा दहाची आणि वर शकुनाचा एक रुपया, मग तो माईकवर जातो आणि चालू नाटक थांबतं. कुणाकडून, कुणाला आणि कशाबद्दल, या तिन्ही गोष्टी जाहीर कराव्या लागतात. कारण सांगता येत नसेल तर मंडळ नोट परत करतं. मरून पडलेला सासरा अशा वेळी उठतो, हात जोडतो आणि पुन्हा जाऊन मरतो, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नाटक संपलं की ज्याला बक्षीस मिळालं तो ती नोट मास्तरांकडे नेतो, म्हणजे ज्यांनी नाटक बसवलं त्यांच्याकडे. मास्तर ती कपाळाला लावतात आणि परत देतात.

बाबांनी जन्म मिठागरात काढला. नाटकाला ते पुढच्या चटईवर बसायचे, शेवटपर्यंत बसायचे, आणि हात मांडीवरून हलवायचे नाहीत. त्यांनी आयुष्यात एकच बक्षीस दिल्याचं गावाला आठवतं. ते एका पेटीवाल्याला, पेटीचा भाता फाटल्यावर तोंडाने सूर धरून ठेवल्याबद्दल. मी चार वर्षं नाटकात कामं केली. एकदा तर राजा होऊन असा मेलो की शेजारच्या गावच्या सरपंचांनीही नोट पाठवली. घरी येताना बाबा म्हणाले, "मेलास तवा डोळं मिचकावत होतास."

यानंतर माणूस एक तर नाटक सोडतो, नाहीतर सिनेमाकडे वळतो. मी शहाणा नव्हतो.

मिठागरावरची गोष्ट लिहून झाल्यावर ती घेऊन मी बरीच वर्षं दारोदार फिरलो. एकाने विचारलं, मिठागराऐवजी आंब्याची बाग चालेल का, दिसायला बरी असते. दुसऱ्याला गोष्ट फार आवडली, फक्त तीत भूत हवं होतं. शेवटी रोह्याचे एक गृहस्थ निर्माते म्हणून भेटले. कारखान्यांना माणसं पुरवण्याचं त्यांचं कंत्राट होतं, त्यामुळे माणसं उन्हात उभी करण्याचा अनुभव दांडगा.

"हिरो मिठागरात राबतो. बरं. हिरोइन कुठं राबते?" त्यांनी विचारलं.

"तीही मिठागरातच."

"म्हणजे दोघंही काळवंडणार," ते हळहळले. मग त्यांनी तिथल्या कुंडलिका नदीत होडीवर एक गाणं घ्यायची अट घातली आणि मी ती मान्य केली. मिठागरातल्या माणसाला गाणं म्हणायला तीस-पस्तीस किलोमीटर लांब रोह्याला का जावं लागतं, हे सिनेमात कुठेही सांगितलेलं नाही. आजवर कुणी विचारलंही नाही.

हिरो मालिकांमधला होता. त्याने तारखा दिल्या त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या. तेव्हा आमच्याकडे वाफ्यांचे तळ तुडवून घट्ट करण्याचं काम चालू असतं. मीठ हाताला लागायला पुढे दीड-दोन महिने तरी जावे लागतात. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आन् मीठ कुठनं आणशील?"

"सिनेमात सगळं आणता येतं," मी म्हणालो. असली वाक्यं मी त्या काळात बरीच बोलायचो.

सजावट माझ्या शाळेतल्या मित्राकडे होती. त्याचा पेणमध्ये गणपतीचा कारखाना आहे, आणि पेणच्या माणसाला पांढरं काही हवं असलं की पहिल्यांदा प्लास्टरच आठवतं. टेम्पो भरून प्लास्टरच्या भुकटीची पोती आली. बांधावर दोन मोठ्या राशी रचल्या आणि वरून खऱ्या जाड्या मिठाचा थर पसरला. मीठ करणारा माणूससुद्धा चार हातांवरून फसेल अशा राशी झाल्या, याचा आम्हाला फार अभिमान वाटला. हिरो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, राशीत फावडं घालून टोपल्या भरणार होता, आणि चारला त्याची गाडी परत निघणार होती. सगळं युनिट पेणला चहा प्यायला गेलं. मागे राहिला तो फक्त कॅमेरामन, संध्याकाळचा उजेड बघायला.

आणि माझी आई. ती आमच्यासाठी भाकऱ्या घेऊन आली होती. तिनेही तीस वर्षं डोक्यावरून मीठ वाहिलेलं. राशी बघून तिला बरं वाटलं, पण रचताना त्यांच्यावर चिखलाचे ओघळ आले होते. मिठावर चिखल दिसला की मिठागरातलं माणूस काय करतं? वाफ्यातलं मुरलेलं खारं पाणी आणतं आणि रास धुऊन काढतं. गोड पाण्याने मीठ विरघळतं, खाऱ्याने फक्त मळ जातो. पोराच्या पिक्चरमध्ये मळकं मीठ दिसायला नको म्हणून आईने पदर खोचला आणि हंड्यामागून हंडा ओतत दोन्ही राशी धुतल्या. आई हातचं राखून काम करत नाही.

प्लास्टरवर पाणी पडलं की काय होतं ते पेणमध्ये शाळकरी मुलालाही माहीत असतं. खाऱ्या पाण्याने ते आणखी लवकर होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळी हिरो आला. मेकअप झाला, मी 'ॲक्शन' म्हणालो, त्याने फावडं उचलून राशीत मारलं आणि टण्ण असा आवाज झाला. दुसरं मारलं. फावडं उडून त्याच्या गुडघ्याला लागलं. "मीठ इतकं कडक असतं?" त्याने मला विचारलं. बाबा पलीकडच्या बांधावर बसून बघत होते. काय झालंय ते हळूहळू उलगडलं, तेव्हा मी सगळ्या युनिटसमोर, गावातल्या बायकांसमोर आईवर ओरडलो. "तुला कुणी सांगितलं होतं? सगळ्याची वाट लावलीस!"

तिच्या हातात रिकामा हंडा होता. ती म्हणाली, "धुतलं नाय तर काळं दिसतं रे."

मग ती शूटिंगला आली नाही. भाकऱ्या येत राहिल्या, शेजारच्या काकूंच्या हाती. मला तेव्हा आईचं काही वाटलं नाही, हिरोच्या चारच्या गाडीचं वाटलं. आज हे लिहिताना शरम वाटते, पण तेव्हा खरंच वाटली नव्हती.

दुसरी तारीख मिळणार नव्हती, म्हणून जे झालं तेच घेतलं. हिरो दिवसभर त्या राशीवर फावडं आपटत राहिला. घाम खरा होता. शिव्याही खऱ्या होत्या, त्या आम्ही डबिंगमध्ये काढल्या.

संकलन करताना कळलं की आदल्या संध्याकाळी कॅमेरामनने आईचं चित्रण करून ठेवलं होतं. त्याला वाटलं, मीच तिला सांगितलंय. पाठमोरी बाई हंडा घेऊन येते, राशीवर पाणी ओतते, ओघळ हाताने निपटते, परत वळते. आठ सेकंद. संकलक म्हणाला, कथेला याने काही जोडलं जात नाही, काढू या. मी ठेवलं. आईवरच्या मायेने वगैरे नाही. दोन दृश्यांमध्ये एक संध्याकाळ लागत होती आणि माझ्याकडे दुसरी संध्याकाळ नव्हती.

सिनेमा शहरातल्या एका महोत्सवात दाखवला. तिथल्या एका समीक्षकाने लिहिलं की मिठाच्या राशीवर निष्फळ आदळणारं फावडं हे व्यवस्थेच्या कठोरपणाचं मराठी पडद्यावरचं दुर्मीळ दर्शन आहे. मी ते कात्रण जपून ठेवलं. एक बाई डोळे पुसत मला म्हणाल्या की मीठ इतक्या कष्टाने फोडावं लागतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी हात जोडले.

रोह्याला निर्मात्यांच्या घरी भाऊबंदांसाठी खेळ झाला. संपल्यावर चहा फिरला. मग त्यांची आत्या म्हणाली, "पिक्चर चांगला हाय. पण पिक्चर बघतोय आसं नाय वाटत." इतकी नेमकी समीक्षा नंतर कुणी केली नाही. पेणला सकाळचा एक खेळ मिळाला, तो पहिल्या दोन दिवसांनंतर माणसं नाहीत म्हणून उतरवला. थिएटरवाल्याने मला चहा पाजला आणि सांगितलं, "पुढच्या वेळेला एखादी हाणामारी टाका, साहेब. मीठ काय, घरीपण असतंच."

मग उरलं गाव. रविवारी दुपारी चारची वेळ ठरली, कारण डोलवीच्या पोलाद कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले तोवर परत येतात. देवळाच्या सभामंडपाच्या खिडक्यांना निळी ताडपत्री लावून अंधार केला. बाबा पुढच्या चटईवर बसले. आई येतच नव्हती. वर्षभर ती पाहुण्यारावळ्यांना सांगत होती की माझ्यामुळं पोराचा पिक्चर इस्कटला. काकूंनी ओढून आणलं तेव्हा ती मागच्या दाराशी बसली, मधूनच उठून जाता यावं म्हणून.

सिनेमा सलग बघायचा असतो, हे गावाला सांगायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. दहाव्या मिनिटाला मंडळाच्या माणसाने लॅपटॉप थांबवला. "हिरोइनला भाकरी न तुटता थापल्याबद्दल बक्षीस. मंडळ आभारी आहे." मग कुणाच्या तरी म्हशीला, कॅमेऱ्याकडे न बघितल्याबद्दल. हिरो-हिरोइन हजर नसल्यामुळे त्यांची बक्षिसं देवीपुढच्या ताटात ठेवली. एकेका दृश्याची लय साधावी म्हणून मी महिनोन् महिने संकलकाचं डोकं खाल्लं होतं. इथे लय मंडळाच्या हातात होती. पण मला त्याचं काही नव्हतं. मी भिंतीला टेकून बाबांच्या मांडीवरचा हात बघत होतो. समीक्षक, महोत्सव, रोह्याची आत्या, सगळं एका बाजूला आणि तो हात एका बाजूला. कुंडलिकेचं गाणं झालं, हात हलला नाही. माझ्या मते सर्वांत उत्तम असलेलं बापलेकाचं दृश्य झालं, हात हलला नाही.

मग ते आठ सेकंद आले. पाठमोरी बाई, हंडा, पाणी. बाबांनी हात वर केला.

चित्र थांबलं, ते आईची पाठ पडद्यावर असतानाच. मंडळाचा माणूस वाकून विचारत होता आणि माईक चालूच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"कुणाला, दादा?"

"ती काय. पाठमोरी हाय ती."

"आन् कशाबद्दल?"

"मीठ धुतल्याबद्दल." बाबांनी नोट आणि नाणं पुढे केलं. "आक्ख्या पिक्चरात तेवढंच काम खरं हाय."

मंडळाच्या माणसाने ते जसंच्या तसं जाहीर केलं, आभारासकट. सगळी माणसं मागच्या दाराकडे वळली. आईने पदर तोंडावर घेतला. काकूंनी तिला ढोसलं, "ऊठ गो, हात जोड," तशी ती उभी राहिली आणि तिने हात जोडले. चित्र पुन्हा सुरू झालं. पुढचं दृश्य दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. हिरोने फावडं मारलं. टण्ण. सगळी हकिगत ठाऊक असलेला तो सभामंडप असा हसला की ताडपत्र्या हलल्या, आणि त्यात आईही हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. व्यवस्थेच्या कठोरपणावर इतकं कुणी हसलं नसेल.

संपल्यावर मी चपला शोधत होतो. आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दहाची नोट आणि तिच्यावर एक रुपयाचं नाणं, दोन्ही हातांत धरून.

"घे," ती म्हणाली. "मास्तर तू हायेस ना."

वर्षभरापूर्वी मी तिच्यावर याच माणसांसमोर ओरडलो होतो. म्हणून याच माणसांसमोर तिला म्हणालो, "आई, चुकलं माझं." ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे, आदी कपाळाला लाव." मी नोट कपाळाला लावली. रीतीप्रमाणे ती लगेच परत द्यायची असते. मी दिली नाही. आई अजून मागते.