दाजींना दिसलेला उजेड

पकडलेला मासा सांगताना थोडा लांबवायचा, हा आमच्या किनाऱ्यावरचा जुना रिवाज. दोन्ही हात पसरून दाखवलेल्या सुरमईतून निम्मी वजा केली की खरी सुरमई उरते. दाजींचं उलटं होतं. त्यांनी हातांनी दाखवलेल्या माशापेक्षा खरा मासा मोठाच निघायचा. "उगाच कित्याक वाढवन सांगूचा? बघल्यार कळतलाच," असं म्हणून ते टोपली पुढे सरकवायचे. अशा माणसाला साऱ्या गावाने थापाड्या ठरवलं, याचा मला अजून राग आहे.

दाजी आमचे शेजारी. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. देवगड आणि मालवणच्या मधल्या आमच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन अर्जही मीच भरून देते. दाजी संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे, केस पिकायला लागलेल्या मला 'गो चेडवा' म्हणजे 'ए पोरी' अशी हाक मारायचे आणि गिऱ्हाइकांची वाट अडवायचे. मी कटकट करायचे. त्यांच्यावर तिचा काडीचाही परिणाम होत नसे.

गावात त्यांना मान होता तो गाऱ्हाण्यामुळे. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडण्याआधी किनाऱ्यावर गाऱ्हाणं घालतात. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि त्याच्या प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून होकार द्यायचा. हे बोलणं वर्षानुवर्षं दाजींकडे होतं. आवाज खणखणीत, आणि मागणं बेताचं. "रे महाराजा, होडी भरून दी म्हणनंय नाय, पण कोणाचीच रिकामी धाडू नको." देवाकडेसुद्धा ते काही वाढवून मागत नसत.

भिवा त्यांचा सोबती. दोघांची होडी भागीत होती. एकदा दिवेलागणीला दोघे परतत असताना पाण्यावर एक उजेड येऊन थांबला. दाजी सांगायचे, "गोळो होतो. बोटीचो दिवो नाय, विमानाचो नाय. आवाज नाय. जरा थांबलो, आणि मगे सरळ वर गेलो." याच्यापुढे एक शब्द जास्त नाही. परग्रहावरची माणसं वगैरे मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही.

बंदरावर एक पाटी आहे. समुद्रात काहीही संशयास्पद दिसल्यास पोलिसांना कळवावे, असं तिच्यावर लिहिलंय. आम्ही सगळे ती वाचतो आणि तिच्यावर जाळी वाळत घालतो. दाजींनी ती मनावर घेतली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते चौकीत गेले आणि जमेल तेवढ्या शुद्ध मराठीत सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "बरोबर कोण होतं?" दाजींनी भिवाचं नाव घेतलं. भिवाला बोलावणं गेलं. तो आला आणि म्हणाला, "मी खाली मान घालून जाळं आवरत होतो साहेब. मला काहीच दिसलं नाही."

त्या दिवसांत भिवाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. बापाला समुद्रावर भलतंसलतं दिसतं, ही बातमी सोयऱ्यांच्या घरी पोचली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको. मला हे कळत होतं. दाजींनाही कळत असणार. पण गावाने भिवाचा शब्द धरला आणि दाजींची टर उडवायला सुरुवात केली. "दाजीनू, आज खंयचा विमान उतारला?" असं जो तो जाता-येता विचारायचा. पुढच्या नारळी पौर्णिमेला गाऱ्हाणं भिवाकडे गेलं. देवासमोर उभा राहणारा माणूस शाबूत डोक्याचा हवा, असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून दाजी किनाऱ्यावर सगळ्यांच्या मागे उभे राहायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. होडी मात्र भागीतच राहिली. दोघे एकत्र जायचे, एकत्र यायचे आणि कामापुरतंसुद्धा खुणांनीच बोलायचे.

मग दाजींनी माझ्यामागे लकडा लावला. माहितीच्या अधिकारात अर्ज घाल म्हणाले. "मी सांगलंय ता तेंनी लिवल्यानी काय नाय, तेवडाच इचार." मी घातला. सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. ते मी दाजींना वाचून दाखवलं.

"म्हणजे माका काय दिसला नाय, आणि मी थंय गेलंयच नाय," ते म्हणाले. "सदऱ्याची इस्त्री फुकट गेली बघ."

आणि हसले. मला मात्र हसू आलं नाही.

अशात एका संध्याकाळी मोबाइलवर मला एक बातमी दिसली. आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंबद्दलचे जुने सरकारी कागद अमेरिकेने लोकांसाठी खुले केले होते. मी काउंटर सोडून पायरीवर धावले.

"दाजीनू, आयकलात? थंयच्या सरकारान कागद उघडे केल्यान! थंयच्या पायलटांकाय असाच कायतरी दिसला. काय होता ता आमकाय कळाक नाय, असा सरकारच म्हणता!"

मला वाटलं, म्हातारा उडी मारेल. दाजींनी शांतपणे विचारलं, "त्या पायलटावांगडा दुसरो कोण होतो?"

मी बातमी खाली-वर करून शोधली. एका विमानात दोघे असल्याचं सापडलं.

"मगे तो दुसरो काय म्हणालो?"

"आपणाकय दिसला म्हणालो."

"नशीबवान मेलो तो," एवढंच बोलून दाजी उठले आणि घरी गेले. मी हातात मोबाइल धरून तशीच उभी राहिले. मला फार वाईट वाटलं.

मी तोंडाळ बाई आहे. माझ्या पोटात काही राहत नाही. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर भिवा रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आला, तेव्हा दाजींनी काय विचारलं ते मी त्याला जसंच्या तसं सांगून टाकलं. वर हेही म्हटलं, की तुझी लेक आता सासरी सुखात आहे, नातवंडही झालं, आता तुला कोणाचं भय?  कागद काउंटरवर टाकून भिवा निघून गेला.

पौर्णिमेच्या दिवशी किनारा माणसांनी भरला होता. भिवा नारळ घेऊन घोट्याभर पाण्यात उभा राहिला.

"रे महाराजा, आज तुजी लेकरां तुज्या दारात जमली आसत."

"व्हय महाराजा!"

"सगळ्यांच्या होडयांक सांभाळ."

"व्हय महाराजा!"

भिवा थांबला. 

"रे महाराजा, दाजीक तुज्या पाण्यार जो उजेड दिसलो, तो माकाय दिसललो. मी भियालंय. चौकीत खोटा बोललंय. तेची काय शिक्षा आसात ती माका एकट्याक दी."

कोणीच काही बोललं नाही. अशा मागणीला 'व्हय' तरी कसं म्हणायचं? आणि होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, नारळ सोडता येत नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात मागची गर्दी बाजूला झाली. दाजी पुढे आले, सरळ पाण्यात शिरले आणि भिवाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"रे महाराजा, ह्येचा आयकू नको," ते म्हणाले. तोच जुना खणखणीत आवाज. "माणूस आसा, भियालो. आमका दोघांक एका होडयेत धाडलंस, तशेच एका होडयेत परत घेवन ये."

पहिला 'व्हय महाराजा' भिवाने म्हटला. तो रडत होता, त्यामुळे नीटसा ऐकूही आला नाही. त्याच्या पाठोपाठ सगळा किनारा म्हणाला. मीही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दाजी पायरीवर येऊन बसले, तेव्हा माझा उत्साह उतू चालला होता. "दाजीनू, आता साक्षीदार गावलो," मी म्हटलं. "चौकीच्या त्या उत्तरावर अपील करूया."

"नको गो चेडवा," दाजी म्हणाले. "माका जेका इचारूचा होता, तेना सांगल्यान."