ज्या सिनेमात भूतच आलं नाही

गेल्या रविवारी दुपारी सासऱ्यांसोबत हॉरर सिनेमा पाहिला. ऐकायला गंमत वाटते ना... मलाही वाटली होती.

आम्ही मंगरूळपीरला राहतो. नवरा कामानिमित्त वाशीमला गेला होता, घरात आम्ही दोघंच. बाबांना भुताच्या सिनेमांचं भारी वेड... पांढरी साडी, करकरणारं दार, मांत्रिक, एवढं असलं की स्वारी खुश! मला मात्र हल्लीचे ते संथ, फार काही न दाखवता घाबरवणारे सिनेमे आवडतात. म्हटलं, आज माझ्या आवडीचा.

सिनेमात एक एकटी म्हातारी. तिच्या घरात रोज थोडं थोडं धुकं शिरतं... आधी स्वयंपाकघरात, मग पार पलंगापर्यंत. धुकं आलं की तिथलं काहीच तिला सापडत नाही. बस्स, एवढंच.

सुरुवातीला बाबांची कुरकुर चाललेली. "काय व, भूत कवा येते?" मग आवाज थांबला. वाटलं, झोपले... वळून पाहिलं तर टक लावून बघत होते. हातातला चहा गार झालेला.

सिनेमा संपल्यावर मी म्हटलं, "बोअर झालं ना बाबा? भूतच नाही आलं."

"होतं न व. ते धुकं..."

त्यांनी गार चहाचा कप खाली ठेवला.

"मलेबी तसंच होऊन राह्यलं पोरी. परवा स्टँडवरून घरी याले आपली गल्लीच सापडे ना. एका ओट्यावर बसून राह्यलो. लोकाइले काय इचारू... माहं घर कुठं हाय म्हनून?"

धुकं म्हणजे विसरणं, हे मला केव्हाच कळलं होतं. पण हे... हे नव्हतं कळलं.

"सांगितलं का नाही बाबा?"

"कसं सांगू? शब्दच सापडे ना. आज त्या बाईले पाह्यलं, तवा समजलं कसं सांगाव ते."

मी नुसता त्यांचा हात धरून बसले. संध्याकाळी नवरा आल्यावर बाबांनी स्वतःच त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. आता डॉक्टरांना दाखवलंय, तपासण्या सुरू आहेत. पुढे काय, ठाऊक नाही...

काल मात्र चपला घालून ते दारात थांबले. "चाल व पोरी, संगं चाल. चक्कर मारून येऊ." आयुष्यभर एकटं फिरणारा माणूस हा! मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

त्यांनी हाक मारली, हेच खूप आहे.