भाचीचा अर्ज

‘कोणासाठी?’

देवरे भाऊसाहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला. गंगापूर रोडवरच्या एका बी.एड. कॉलेजच्या चौकशी खिडकीत ते बसायचे. खिडकी इतकी बुटकी, की माहिती विचारायला आलेला माणूस आधी कमरेत वाकायचा आणि मग तोंड उघडायचा. मी वाकले तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. मुलगा नोकरीला बंगळुरूला, नवरा दिवसभर देवळाली कॅम्पच्या दुकानात, आणि मी घरात कुकरशी गप्पा मारणारी बाई. ‘माझ्यासाठी’ म्हणायला जीभ वळेना. म्हणाले, ‘भाचीसाठी.’

मला भाची नाही. मुळात मला बहीणच नाही.

‘काय शिकली भाची?’

‘बी.एस्सी. गणित.’

‘कधी?’

मी घाबरून खरं साल सांगून टाकलं. भाऊसाहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पाठकोऱ्या कागदावर लिहीत म्हणाले, ‘बारावीवाल्यांना चार वर्षांचा कोर्स असतो, पदवीसकट. लहान पोरं आवडत असली तर डी.एल.एड. तुमच्या भाचीला बी.एड.च बरं. दोन वर्षं. आधी सीईटी. वयाची अट नाही.’ शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. कागद सरकवताना हळूच म्हणाले, ‘आणि तिला सांगा, खिडकीत खोटं बोललं तर चालतं. फॉर्मात नाही.’

फॉर्म मी माझ्या नावानं भरला. त्या दिवसापासून मी त्यांची ‘भाची’ झाले. वर्गातल्या मुली मला काकू म्हणत. खिडकीतून मात्र हाक यायची, ‘काय म्हणते भाची?’

मेथड निवडताना, म्हणजे कोणते दोन विषय शिकवायचे हे ठरवताना, मी मराठी आणि इतिहासावर बोट ठेवलं. भाऊसाहेबांनी बोट उचलून बाजूला केलं. ‘गणित सोडता का? बरं, मला शिकवा. ऋण गुणिले ऋण धन का होतं?’ जेवणाच्या सुट्टीत खिडकीच्या अलीकडे मी, पलीकडे त्यांचा मेसचा डबा. मी समजावलं. ‘नाय समजलं.’ पुन्हा समजावलं. ‘नाय समजलं.’ तिसऱ्यांदा त्यांच्याच डब्यातल्या भेंड्या मांडून समजावलं. तेव्हा त्यातली एक भेंडी तोंडात टाकत म्हणाले, ‘पहिल्यांदाच समजलं होतं. भाची चिडते का, ते बघत होतो. घ्या गणित.’

माणूस नामपूरचा. चाळीस वर्षं नाशकात काढून बोलणं शहरी झालेलं, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की गावची अहिराणी वर यायची. एकदा विचारलं, ‘भाऊसाहेब, घरी कोण असतं?’ म्हणाले, ‘जागा रिक्त शे.’ आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मीही हसले. त्या हसण्याचं मला आता वाईट वाटतं.

पुढे प्रवेश मोबाईलवर आले आणि खिडकीसमोरची रांग आटली. तरी भाऊसाहेब वेळेवर झडप उघडायचे, समोर कोरे कागद रचून बसायचे. चुकून कुणी वाकलंच, तर तो झेरॉक्सचं दुकान विचारायचा. तरी हे विचारणार, ‘कोणासाठी?’

त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास मला शाळेत नोकरी लागली. मी फोन करायचे. आधी आठवड्यानं, मग सणाला. ‘दिवाळीच्या सुट्टीत नक्की येते,’ असं मी दोन दिवाळ्या म्हणाले. ‘या की,’ ते म्हणायचे, ‘जागा रिक्तच शे.’ पेपर तपासण्यात मी इतकी थोर झाले होते, की गंगापूर रोडवरून आठवड्याला दोनदा जाऊनही त्यांच्या गल्लीत वळायला मला सवड नव्हती.

एका सकाळी दुसऱ्या तासाला दवाखान्यातून फोन आला. ‘देवरे म्हणून पेशंट होते. त्यांच्या मोबाईलमध्ये नात्यातला असा एकच नंबर आहे, भाची म्हणून. तुम्हीच का?’

‘होते’ हा शब्द मला जरा उशिरा समजला. समोर आठवीचा वर्ग, फळ्यावर अर्धवट गणित. ‘मीच,’ म्हणाले.

दवाखान्यातल्या खिडकीशीही वाकावं लागलं. आतल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. मृतदेह ताब्यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. मधे एक रकाना होता: मृताशी नाते.

मी ‘भाची’ लिहिलं. फॉर्मात खोटं लिहायचं नाही, हे मला मामांनीच शिकवलं होतं.