नाही आणि दिसलं नाही

श्रावस्ती वाघमारे औरंगाबादहून संख्याशास्त्र शिकून सत्त्याण्णव साली गुडगावच्या एका सर्वेक्षण कंपनीत लागली. पहिलंच काम होतं, कमी साखरेचं नवं बिस्किट जुन्याहून वेगळं लागतं का ते शोधायचं. तिच्या मराठवाडी हिंदीला दिल्लीकर हसायचे, म्हणून तिने ओळखीच्या दहा मराठी घरांतच विचारलं आणि अहवालात ठोकून दिलं, ‘फरक नाही.’

वरिष्ठ लतिका मॅडम भडकल्या. “फरक नाही, की तुला दिसला नाही? एवढासा फरक दहा घरांत सापडेल होय? तीनशे घरं फिर!”

श्रावस्ती चरफडत नव्या वसाहतींची दारं वाजवत फिरली. फरक सापडला. ती हरखली, तर मॅडमनी विचारलं, “पण एवढ्याशा फरकाने कुणी बिस्किट घ्यायचं सोडेल का?” कुणीच सोडणार नव्हतं. फरक खरा होता, पण किरकोळ.

प्रोबेशनचा महिना संपला तेव्हा मोठे साहेब म्हणाले, “या मुलीत काही दिसलं नाही.”

“महिनाभरात दिसणार काय, सर?” मॅडम म्हणाल्या. “वर्षभर बघा.”

आज मोठ्या साहेबांच्या खुर्चीत श्रावस्ती बसते. नव्या पोरांबद्दल शेरा लिहायची वेळ आली की ती मनातल्या मनात मॅडमना हात जोडते आणि आधी मुदत वाढवते.