मनकर्णाबाईची साक्ष

"मले येशूपासून काई नाई पाह्यजे, तो आवडते म्हून येतो मी," असं मनकर्णाबाई एकदा सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता म्हणाली होती. नालवाडीच्या प्रार्थनाघरात ते पोचलं तेव्हा लोक हसले. देवाकडे काही न मागणारं माणूस त्यांनी पाहिलंच नव्हतं.

तिथं रविवारी साक्ष देतात. येशूनं काय मिळवून दिलं ते उभं राहून सांगायचं. दीपमालाला स्कूटी मिळाली, निकेशला नोकरी. वस्तू जेवढी मोठी तेवढी टाळी मोठी. याला दुकान म्हणवत नाही. दुकानात निदान गल्ल्यावरच्या माणसासाठी कोणी प्रेमाची गाणी गात नाही.

मनकर्णाबाई पवनारहून भाजी घेऊन यायची, ती विकून प्रार्थनेला बसायची. नवरा रामाजी आजारी पडला तेव्हा तिनंही मागितलं होतं. रामाजी गेला. त्यानंतरच्या रविवारी ती नेहमीच्या जागी येऊन बसली. लोकांना ते विचित्र वाटलं.

तिला बाप्तिस्मा हवा होता. धाम नदीत, येशूच्या नावानं, एवढीच तिची इच्छा. पण साक्षीशिवाय बाप्तिस्मा नाही, हा तिथला नियम. पास्टर ओमप्रकाश यांनी तिची अडचण स्वतःच सोडवली. बाईंचे दुखरे गुडघे प्रभूनं बरे केले, असं त्यांनी माइकवरून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. तिनं फक्त आमेन म्हणायचं होतं.

ती भिंतीला धरून उभी राहिली.

"गुडघे दुखतेच जी. अन् रामाजीले मांगतलं होतं, तोही नाई देला. येशूच्या नावावर खोटं काऊन बोलू? मले तो आवडते, एवढंच हाय."

टाळी नाही. दीपमालानं मागून विचारलं, "काई भेटलंच नाई, तं कायले येता मग, मावशी?"

पोट धरून हसले सगळे. पास्टरांनी मायेनं समजावलं की विश्वास अजून कच्चा आहे. काहीतरी मिळू द्या, मग बाप्तिस्म्याचं पाहू.

शेवटची प्रार्थना झाली. कोणी प्लॉट मागितला, कोणी मुलीला स्थळ. ती डोळे मिटून उभी होती, आणि तिचा चेहरा घरचं कोणी भेटल्यासारखा मोकळा होता. आमेन झालं. तिनं पदर सारखा केला आणि बाहेर पडली.