बाबा शांत झाले त्यानंतर

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. एकदा सकाळी डब्यात आदल्या दिवसाचीच भाजी दिसली म्हणून त्यांनी डबा भिरकावला. तो आईच्या कपाळावर बसला. मी तेव्हा सातवीत होते. उल्हासनगरच्या दवाखान्यात चार टाके पडले. आईने डॉक्टरांना सांगितलं, मोरीत पाय घसरला. मीही मान हलवली.

निवृत्तीनंतर आई-बाबा बदलापूरला, शिरगावात माझ्याजवळ राहायला आले. बाबांचं बीपी फारच वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाबा मन लावून शिकले. राग आला की तोंड उघडायचं नाही, गच्चीवर फेऱ्या मारायच्या, मग खाली येऊन काय खटकलं ते हळू आवाजात सांगायचं. माझ्या मुलाने त्यांचा चष्मा मोडला, तर त्याला जवळ घेऊन म्हणाले, "असू दे रे, काचच ती."

शेजारी म्हणायचे, किती शांत माणूस! माझं तोंड कडू व्हायचं. म्हणजे राग आवरणं त्यांना जमत होतं तर.

आणि मग आईला राग यायला लागला. झाकणं आपटायची, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. एका दुपारी बाबा चहा गार झाला म्हणाले, तर तिने कप सिंकमध्ये आदळला. बाबा समजुतीने म्हणाले, "दीर्घ श्वास घे. राग तब्येतीला चांगला नाही."

"मला शिकवता?" आई म्हणाली.

बाबा उठले, चपला घालू लागले. आई दारात उभी राहिली. "आज गच्ची नाही. बसा. टाके पडले तेव्हा मी कुठे गेले होते फेऱ्या मारायला?"

सवयीने मी म्हणाले, "आई, जाऊ दे ना." तिने हात वर करून मला थांबवलं.

आई तासभर बोलली. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एकेक प्रसंग सांगत गेली. बाबांनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "मला यातलं काहीच आठवत नाही गं." ते खोटं बोलत नव्हते, आणि तेच जास्त लागलं.

आता आईही त्या बाईंकडे जाते. त्यांनी तिला सांगितलं, तुमचा राग खरा आहे. असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

परवा माझ्या धाकट्या भावाने फोनवर विचारलं, "बाबांना माफ केलंस ना?" मी नाही म्हणाले.