सारवलेली जमीन

गवत जळाल्याचा वास आला की मला कर्नाळ्याच्या डोंगराखालची ती वाडी आठवते. तेव्हा मी ग्रामपंचायतीत घरपट्टी वसूल करायचो. ऐन मार्चमध्ये वणव्यानं वाडीतली कुडाची सगळी घरं खाल्ली आणि माणसं कामोठ्याला बांधकामांवर राहायला गेली. पट्टी बुडाली, नळपाण्याचं वीजबिल थकलं, आणि जळलेली घरं नोंदीतून कमी करायला सरपंचांनी मला पाठवलं. सगळीकडे राख होती. एका ठिकाणी मात्र राख लोटून जमीन शेणानं सारवलेली होती आणि कामोठ्याहून चालत आलेली घरमालकीण तिथं हात धूत होती. मी म्हणालो, "मावशी, घरच नाही तर पट्टी कसली? नाव काढतोय तुमचं." ती म्हणाली, "भिंती नाय, पन घर हाय. पट्टी घ्या. नाव काढलं तर आमी परत यायचं कुठं?" पावतीपुस्तक काढून मी पुढं झालो, तर ती म्हणाली, "चपला भायेर." जिथं उंबरा असायचा, तिथं मी चपला काढल्या आणि आत गेलो. पुढं कळंबोलीपर्यंत कितीतरी पक्क्या घरांत गेलो, पण इतक्या जपून कुठंच पाऊल टाकलं नाही.